काळजातल्या पिशव्या कुत्र्याला टाकू नका
वाचक विचारतात, जनावरांचे डॉक्टर सांगतात

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या जंतांवर मी दोन पानं लिहिली होती, त्यात टेपवर्म म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतावर जेमतेम चार ओळी होत्या, आणि पत्रं न व्हॉट्सअप मेसेज आले ते सगळे त्या चार ओळींवरच. लातूर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, सगळीकडून. म्हणून या वेळी पूर्ण सदर ह्याच विषयाला देतोय. मी जनावरांचा डॉक्टर आहे. माणसांच्या आजाराबद्दल इथं जे लिहिलंय ते आजार होतो कसा आणि टाळायचा कसा एवढंच, गोळ्या कुठल्या आणि किती दिवस हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या घरात चार पिढ्यांची माळ आहे, अंडंसुद्धा चुलीवर चढत नाही. माझ्या नववीतल्या पुतण्याला शाळेत प्रार्थनेच्या वेळी फिट आली, लोकांनी चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, मग लातूरला नेऊन एमआरआय केला तर डोक्यात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले ही डुकराच्या जंताची अळी आहे. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. बाहेर काय खाऊन आलास असं जो तो त्यालाच विचारतोय आणि ते लेकरू रडतंय. हे झालं कसं? (अहमदपूर तालुका)

उत्तर : ताई, पत्र वाचून झालं की आधी त्या लेकराला जवळ घ्या आणि सगळ्या घरासमोर सांगा की बाळा तुझं काही चुकलेलं नाही. कारण खरंच चुकलेलं नाही. डुकराचं मटण जन्मात न खाता हा आजार होतो, माळकऱ्याच्या घरात होतो, जैनाच्या घरात होतो.

सगळा गोंधळ एकाच जागी होतो, ती जागा नीट बघू. ह्या जंताचे रस्ते दोन आहेत. पहिला रस्ता असा, डुकराच्या मटणात शाबुदाण्यासारख्या पाणीदार पिशव्या असतात, मटण कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं की त्याच्या आतड्यात जंत वाढतो, दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत लांब. त्या माणसाला बऱ्याचदा काहीच त्रास नसतो, फार तर पोटात कुरकुर. पण त्याच्या संडासातून जंताचे तुकडे पडत राहतात आणि एकेका तुकड्यात पन्नास हजाराच्या आसपास अंडी असतात. आता दुसरा रस्ता. डोळ्याला न दिसणारी ती अंडी न धुतलेल्या हातानं, भाजीवरून, पाण्यातून ज्याच्या कुणाच्या पोटात जातील त्याच्या पोटात अंड्यातून अळी निघते, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरते आणि मांसात, डोळ्यात नाहीतर मेंदूत जाऊन पिशवी करून बसते. तुमच्या पुतण्याचं झालंय ते ह्या दुसऱ्या रस्त्यानं. म्हणजे त्यानं मटण खाल्लेलं नाही, कुणाच्या तरी संडासातला कण त्याच्या पोटात गेलाय. ऐकायला वाईट वाटतं पण हेच खरं आहे आणि हे मी स्पष्ट लिहिणार, कारण लाजेपायी न बोलल्यानंच हा आजार गावागावात टिकून राहिलाय.

ती अळी मेंदूत वर्षानुवर्षं गप बसू शकते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि त्या सुजेनं फिट येते. त्यामुळं गेल्या महिन्यात कुठल्या गाड्यावर काय खाल्लं हा शोध बंद करा, त्यातून काही हाती लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ज्या भागात हा जंत मुरलेला आहे तिथं फिटच्या शंभर पेशंटांत तीसेक जणांच्या मागं हीच अळी असते. आपल्या देशात पूर्वी अशी एकुलती एक गाठ स्कॅनमध्ये दिसली की टीबीची समजायचे आणि महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालायच्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या तेव्हा कळलं की बहुतेक ह्या अळीच्याच आहेत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते नवीन नाही न विचित्र पण नाही. एकच लहान गाठ असेल तर बहुतेक लेकरं चांगली होतात, गाठ हळूहळू विरून जाते. फिटच्या गोळ्या मात्र बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि जंताची गोळी मेडिकलवरून आणून परस्पर द्यायची तर अजिबात नाही, कारण डोक्यातली अळी झटक्यात मेली तर सूज वाढते आणि फिटवर फिट येते, म्हणून डॉक्टर लोक आधी डोळे तपासतात, सुजेचं औषध सोबत देतात आणि मगच ती गोळी चालू करतात.

पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली उपरणं घाला, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या पुढं चालली तर थेट दवाखाना. चप्पल आणि कांदा ह्यानं काही होत नाही. आणि त्याच्या डोक्यातली गाठ दुसऱ्या कुणाला लागत नाही, शाळेत शेजारी बसणाऱ्या पोरांच्या आईबापाला हे सांगा.

एक काम राहिलं ते महत्त्वाचं. घरातले सगळे, स्वयंपाकाला हात लावणारी बाई, आखाड्यावरचा सालगडी, ह्या सगळ्यांची संडासाची तपासणी करून घ्या. कुणाच्या तरी पोटात मोठा जंत असू शकतो आणि त्याला ते माहीतही नसतं. सापडला तर डॉक्टरांच्या देखरेखीत औषधानं पडून जातो. दोष द्यायला तपासायचं नाही, त्याच्यापासून त्याच्याच लेकरांना पुढचा धोका आहे म्हणून तपासायचं.

प्रश्न : पत्ताकोबीतला किडा डोक्यात जातो म्हणून आमच्या गावात कुणी कोबी आणतच नाही. खरं आहे का? (सेलू)

उत्तर : नाही. कोबीच्या पानात जी हिरवी अळी दिसते ती पतंगाची अळी, ती माणसाच्या डोक्यात जात नाही, शिजली तर कोबीतच मरते. भीती किड्याची नाही, वर सांगितलेल्या अंड्यांची आहे, आणि ती कोबीवर असतील तशी कोथिंबिरीवर, पातीच्या कांद्यावर, गाजरावर, मुळ्यावर पण असतील. ज्या वावराच्या कडंला लोक संडासला बसतात किंवा गावच्या नाल्याचं पाणी ज्या भाजीला देतात ती भाजी धोक्याची, मग ती कुठली का असेना. शिजवलेल्या भाजीला काही भ्यायचं कारण नाही. कच्चं खाताना म्हणजे मेथीचा घोळाणा करताना, काकडी चिरताना वाहत्या पाण्याखाली पानं न पानं चोळून धुवायची. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की अंडी मरतात असं बरेच जण समजतात, तसं होत नाही, चोळून वाहून जातात तेवढीच. कोबी आणा, खा.

प्रश्न : सर, आमचा पिढीजात धंदा वराहपालनाचा. गावात कुणाला फिट आली, कावीळ झाली, ताप आला की बोट आमच्याकडंच. ग्रामसभेत सगळ्यांसमोर बोलले. माझं शिक्षण बीएपर्यंत आहे, मला हा धंदा नीट करायचाय, पण आमच्या डुकरांमुळं खरंच लोक आजारी पडतात का हे खरं खरं सांगा. (नांदेड जिल्हा)

उत्तर : भाऊ, खरं खरं सांगतो. डुकराला हा जंत माणसाकडून मिळतो. माणसाची घाण खाल्ल्याशिवाय डुकराच्या अंगात ती पिशवी तयारच होत नाही. मोठा जंत राहतो फक्त माणसाच्या आतड्यात, अंडी पडतात फक्त माणसाच्या संडासातून. म्हणजे ग्रामसभेत तुमच्याकडं बोट करणाऱ्यांपैकी जे पहाटे डबा घेऊन ओढ्याकडं जातात तेच तुमच्या डुकरांना आजारी पाडतायत. फाईलवर गाव हागणदारीमुक्त आहे आणि संडासात कडबा न सरपण भरलेलं आहे, उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो तिथं संडासात ओतायला पाणी कुठून आणायचं, हे मला माहीत आहे, मी ह्याच भागात राहतो. ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या आपल्या बीडच्या बायामाणसांना पाच-सहा महिने फडात, कोपीत राहावं लागतं आणि तिथं संडासाची सोय नसते. ही त्या बायांची चूक नाही, जे त्यांच्याकडून ऊस तोडून घेतात त्यांनी ती सोय केली पाहिजे.

तुमच्या बाजूनं करायचं ते असं. डुकरं मोकाट सोडायची नाहीत, पक्क्या शेडमध्ये कोंडून, खाद्य घालून वाढवायची. बंदिस्त डुकराला माणसाची घाण मिळाली नाही तर हा जंत त्याला होऊच शकत नाही. विकत आणताना जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूनं बोट फिरवा, हाताला वाटाण्यासारख्या गाठी लागल्या तर ते जनावर घेऊ नका (गाठ लागली नाही म्हणजे शंभर टक्के निर्धोक असं पण नाही). ऑक्सफेंडाझोल नावाचं औषध वजनाप्रमाणे एकदा दिलं की मांसातल्या पिशव्या मरतात, ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं द्या आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस जाईपर्यंत कापू नका. ह्या जंतावर डुकरांसाठी लस पण आहे, ऑस्ट्रेलियात शोध लागला आणि बनते आपल्या शेजारी हैदराबादला, इंडियन इम्युनॉलॉजिकल्सकडं. तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा, मिळत नसेल तर लेखी मागणी करा.

आणि पुढच्या ग्रामसभेत हे सांगा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या उत्तरेला टुंबेस नावाचा भाग आहे. तिथं माणसांना औषध, डुकरांना औषध आणि डुकरांना लस असं तिन्ही एकत्र केलं, आणि २०१६ साली त्याचा निकाल छापून आला, १०७ गावांपैकी १०५ गावांत एकही आजारी डुक्कर सापडलं नाही. डुकरं हाकलून नाही झालं ते, डुकरं पाळणाऱ्यांना सोबत घेऊन झालं.

प्रश्न : माझ्याकडं बावीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. करडांच्या लेंड्यांत भाताच्या शितासारखं पांढरं पांढरं पडतंय, कधी फितीसारखं लोंबतंय. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दोनदा मारलं, फरक नाही. घरात लहान लेकरं आहेत, त्यांना होईल का? (भूम)

उत्तर : लेकरांना होणार नाही, आधी ती काळजी सोडा. हा शेळ्यामेंढ्यांचा टेपवर्म वेगळा, मोनिझिया म्हणतात, माणसात येत नाही. गवताच्या मुळाशी, ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढे माइट नावाचे किडे राहतात, लेंडीतली अंडी ते खातात, गवताबरोबर ते माइट करडाच्या पोटात जातात आणि तिथं जंत होतो, कित्येक फूट लांब.

इंजेक्शननं फरक पडला नाही कारण आयव्हरमेक्टिन टेपवर्मवर चालतच नाही. गोल जंतावर, गोचिडावर चालतं. बाजारात लोक एकमेकांना सांगतात की एकच सुई सगळ्यावर, त्यात पैसे जातात. टेपवर्मला प्राझिक्वांटेल, अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, निक्लोसामाईड ह्यातलं औषध लागतं. डोस नजरेनं ठरवू नका, वजनकाटा नसेल तर करडू उचलून स्वतःसकट धान्याच्या काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. डोस कमी पडला की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. नुकत्याच फळलेल्या शेळीला, म्हणजे पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या गर्भाला धोका असतो. सकाळी दव असताना आणि संध्याकाळी माइट गवताच्या शेंड्याकडं चढतात, म्हणून ऊन पडून गवत वाळल्यावर करडं सोडा.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. टेपवर्म डोळ्याला दिसतो म्हणून माणूस त्याच्याच मागं लागतो, पण सहा महिन्यांपुढच्या शेळीला त्याचा फारसा त्रास होत नाही. करडं वाळतायत, जबड्याखाली पाणी भरतंय, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडलीय असं असेल तर मारणारा दुसराच आहे, रक्त पिणारा गोल जंत, तो लेंडीत दिसत नाही. पाच-सहा जनावरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुडीत घालून दवाखान्यात तपासायला द्या आणि मग औषध ठरवा.

प्रश्न : रामराम डॉक्टर. मेंढरू एका जागी गरगर फिरतंय, मान वाकडी, कुडावर जाऊन धडकतंय, कळपातून मागं पडतंय. अशी तीन झाली. म्हातारी माणसं म्हणतात बाहेरचं आहे. (कंधार)

उत्तर : रामराम. बाहेरचं नाही, डोक्यातलं आहे. मेंदूत पाण्याची पिशवी होते, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, आणि ज्या बाजूला पिशवी असेल बहुतेक त्याच बाजूला मेंढरू फिरतं. ह्याला गिड म्हणतात. जास्त करून वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या कोकरांत दिसतं. (नाकात माशीची अळी असली किंवा मेंदूचा दुसरा ताप असला तरी मान वाकडी होते, त्यामुळं एकदा डॉक्टरला दाखवाच. लाळ गळत असेल, चावायला धावत असेल तर तोंडात हात घालू नका, पिसाळलेलं असू शकतं.)

पण ही पिशवी आली कुठून, हे ऐका, आणि रागावू नका. तुमच्या वाड्यावरच्या कुत्र्यातून आली. कुत्र्याच्या आतड्यात ह्याचा टेपवर्म असतो, कुत्रं चराईत हागतं, अंडी गवतावर, गवत मेंढराच्या पोटात. आणि कुत्र्याला तो जंत होतो कसा, तर गरगर फिरणारं मेंढरू शेवटी कापतात नाहीतर मरतं, आणि त्याची मुंडी फोडून कुत्र्याला टाकतात. तिथं चक्र पूर्ण झालं. एक मुंडी कुत्र्यानं खाल्ली की पुढचे कित्येक महिने तो पूर्ण चराई पेरत फिरतो. तुमची तीन झाली त्याच्या आधी दोन-चार महिने किंवा वर्षभरात एखादी मुंडी कुत्र्याच्या तोंडी लागली होती का, आठवून बघा.

पिशवी वाढल्यावर औषधाचा उपयोग जवळजवळ नाही. पण कवटीचं हाड त्या जागी पातळ होतं, अंगठ्यानं दाबलं तर दबतं, तिथून ऑपरेशन करून पिशवी काढता येते आणि मेंढरू वाचतं. उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. चांगल्या जातीची मेंढी असेल तर नक्की न्या. शेळीच्या मानेवर, मांडीवर कधी मऊ फुगा येतो, त्यात पण ह्याच जातीच्या जंताची पिशवी असू शकते. आणि मेलेल्या मेंढराची मुंडी जाळा नाहीतर खोल पुरा. माळेगावच्या यात्रेत मेंढरं विकायला नेता तेव्हा बाकीच्या वाडेवाल्यांना पण सांगा, तुमच्या तोंडून ते जास्त ऐकतील.

प्रश्न : माझं वय ३८. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये नऊ सेंटिमीटरची हायडॅटिड सिस्ट लिहून आली. शेजारची म्हणते हा कॅन्सरच असतो. गावातला एकजण म्हणतो सुईनं पाणी काढून टाकतो, पाचशे रुपये. आणि मालक म्हणतायत आपला मोत्या कुत्रा मारून टाकू. आठ वर्षं झाली त्याला आमच्याकडं, लेकरं त्याच्यासोबतच वाढली. काय करू? (अंबाजोगाई तालुका)

उत्तर : ताई, एकेक सांगतो. हा कॅन्सर नाही. ही कुत्र्यातल्या एका बारक्या टेपवर्मच्या अळीची पिशवी आहे, वर्षानुवर्षं सावकाश वाढते, म्हणून दुखायला लागेपर्यंत कळत नाही. तुमच्याकडून लेकरांना किंवा मालकांना लागत नाही.

सुईवाल्याला घरात घेऊ नका. कळकळीनं सांगतोय. त्या पिशवीतलं पाणी पोटात सांडलं तर अंगावर अशी रिॲक्शन येऊ शकते की जीव जाईल, आणि सांडलेल्या पाण्यातून पोटभर नव्या पिशव्या होतात. सुईनं पाणी काढायची पद्धत आहे, पण ती मोठ्या दवाखान्यात, सोनोग्राफीवर बघत, आत औषध सोडून, सगळी तयारी ठेवून करतात आणि प्रत्येक पिशवीला ती चालतही नाही. काहींना ऑपरेशन लागतं, काहींना गोळ्या, काहींना नुसतं लक्ष ठेवणं, ते पिशवीच्या प्रकारावर ठरतं. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज तुमच्या जवळ आहे, नाहीतर संभाजीनगरचा घाटी दवाखाना. तोवर पोटाला मार लागू देऊ नका. घरातल्या सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करून घ्या, कारण एकाच अंगणात राहिलेलं असतं.

आता मोत्या. त्याला मारून काही साध्य होणार नाही, दुसरं कुत्रं येईल आणि त्याच वाटेनं जाईल. मी बघितलेलं एक सांगतो. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात कंदुरीला गेलो होतो. लिंबाखाली बोकड सोलून टांगलेला, एकजण काळीज म्हणजे लिव्हर वेगळं काढत होता, तर काळजावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी चमकणारी गोल पिशवी, मोठ्या लिंबाएवढी. त्यानं सुरीचं टोक लावलं, पाणी चिळकांडीसारखं उडालं, नारळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, आणि पिशवीच्या तळाला बारीक रव्यासारखी वाळू. त्या वाळूचा एकेक कण म्हणजे एकेक जंताचं डोकं. त्यानं तेवढा भाग कापला, मागं न बघता कुत्र्याकडं भिरकावला, कुत्र्यानं अधांतरीच झेलला. मी ओरडेपर्यंत गिळून झालं होतं. त्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून एक पाच-सहा वर्षांची पोरगी बसली होती.

दीड-दोन महिन्यांत त्या वाळूचे कुत्र्याच्या पोटात हजारो जंत होतात, एकेक फार तर तांदळाच्या दाण्याएवढा. कुत्रं ठणठणीत दिसतं. अंडी त्याच्या विष्ठेतून अंगणात, स्वतःला चाटतं म्हणून केसांवर, तोंडावर. लेकरू त्याला कुरवाळतं आणि तसंच भाकर खायला बसतं. ताई, तुम्हाला ही पिशवी लागली तेव्हा तुम्ही पण लहान असाल, कदाचित मोत्याचा जन्म पण झाला नव्हता. त्याच्यावर राग धरू नका, त्याला दर सहा आठवड्यांनी, ते शक्य नसेल तर वर्षातून निदान चारदा प्राझिक्वांटेलची गोळी द्या, किलोला ५ मिलिग्रॅम, आणि कच्चं काळीज, फोपसं, वजडी त्याला आयुष्यात घालू नका. घालायचंच असेल तर अर्धा तास खळखळ उकळून घाला.

हे आपल्याकडं कधी बंद होईल का असं मला लोक विचारतात. आइसलँड नावाच्या थंड बेटावर हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डेन्मार्कचे पशुवैद्यक तिथं गेले, शंभरेक कुत्री तपासली तर चौथ्या हिश्श्याहून जास्त कुत्र्यांत हा जंत. त्यांनी साध्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली, १८६९ ला कायदा झाला, मेंढरांचे खराब अवयव कुत्र्याला घालायचे नाहीत, पुरायचे नाहीतर जाळायचे. प्राझिक्वांटेल तेव्हा नव्हतं, लस नव्हती. लोकांनी टाकायचं बंद केलं आणि पुढच्या काही पिढ्यांत तो आजार तिथून गेला. आपल्याकडं आता गोळी पण आहे.

प्रश्न : मी खाटीक आहे. काळजातली पिशवी कापून बाकीचं काळीज विकलं तर गिऱ्हाईकाला आजार होतो का? (परभणी)

उत्तर : दादा, विचारलंत हे फार चांगलं केलंत. ती पिशवी माणसानं खाल्ली तरी माणसाला हा आजार होत नाही, माणसाला होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांनी. तरीही असं काळीज विकू नका, बाजूला काढा, आणि दुकानामागं जी कुत्री बसलेली असतात त्यांच्या तोंडी त्यातला तुकडा पण जाऊ देऊ नका. झाकणाचा डबा ठेवा, दिवसाअखेर कमरेएवढ्या खड्ड्यात पुरा, वर चुना, दगड आणि बाभळीची काटेरी फांदी. ह्या साखळीत तुमच्या सुरीएवढी मोक्याची जागा दुसऱ्या कुणाचीच नाही, माझी पण नाही.

प्रश्न : शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला गोळी देतात, त्यानं टेपवर्म जातो का? (जिंतूर, शिक्षिका)

उत्तर : ती अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः गोल जंत, आकडी जंत ह्यांच्यासाठी आहे, आणि ती द्यायलाच पाहिजे, एक ते एकोणीस वर्षांच्या लेकरांची रक्तं त्यानं वाचतात. टेपवर्म एका गोळीत जाईलच असं नाही. ज्या लेकराला फिटचा त्रास आहे किंवा होता त्याच्या आईला मॅडम तुम्ही आधी विचारा आणि त्या लेकराला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका, एवढं ध्यानात ठेवा. संडासात पांढरे चपटे तुकडे दिसतात असं कुणी सांगितलं तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, तुकडा डबीत घालून.

प्रश्न : कुत्र्याला गोळी द्या म्हणता, पण आमचं कुत्रं गोळी हुंगून थुंकतंय. (औसा)

उत्तर : गोळी कडू असते म्हणून थुंकतं. आधी दोन घास शिजलेल्या मटणाचे साधेच द्या, तिसऱ्यात गोळी दाबा आणि लगेच चौथा घास नाकासमोर धरा, चौथ्याच्या नादात तिसरा गिळतं. मटण नसेल तर तूप लावलेल्या भाकरीच्या मऊ गोळ्यात, गरम असताना दाबून. गोळी दिल्यावर दोन दिवस बांधून ठेवा, कारण गोळीनं जंत मरतात पण अंडी मरत नाहीत आणि ती ह्याच दोन दिवसांत ढिगानं बाहेर पडतात. ती विष्ठा फावड्यानं उचलून जाळा नाहीतर खोल पुरा, झाडून उकिरड्यावर टाकू नका, आणि नंतर हात साबणानं, नखांसकट. पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅसच्या टाकीची लिहिता तिथंच.